विरळ हवा आणि अंगावरची चरबी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा माथाडी कायदा, किमान वेतन, फार तर डाळ गिरण्यांतील कामगारांची स्थिती अशी काहीतरी असणार. मी विषय सांगितल्यावर चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला आणि मग नम्रपणे म्हणाले, "हा विषय एखाद्या डॉक्टरसाहेबांना दिला तर?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझे शाळेतले शिक्षण नववीत सुटले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत रात्री झाले. तरीही हा विषय मी हट्टाने घेतला. त्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणासाठी आहे हे ध्यानात राहील.

आमचा एक सभासद आहे. त्याचे नाव घेत नाही. वीस वर्षे त्याने अडतीत पाठीवर पोती वाहिली. पुढे गुडघा गेला, तेव्हा मुकादमी आली. म्हणजे पाठीवरचे पोते उतरले आणि हातात वही आली. अंगमेहनत गेली, भाकरी मात्र तेवढीच राहिली. चार वर्षांत पँट दोनदा उसवून रुंद करावी लागली. रक्तात साखर निघाली. मग एके दिवशी तो कचेरीत आला, तो हातात एक छापील पत्रक घेऊन. एका व्यायामशाळेचे होते. 'हिमालयाच्या उंचीवरील व्यायाम आता आपल्या गावात. चरबी दुप्पट वेगाने वितळते', असा मजकूर, आणि खाली तोंडावर काळी मुखपट्टी बांधलेल्या पिळदार तरुणाचे चित्र. आमच्या गड्याने तीन महिन्यांचे पैसे भरलेही होते, आणि तेही पतपेढीतून उचलून. दुसऱ्याच आठवड्यात तो तिथे घेरी येऊन पडला. "दादा," तो म्हणाला, "पैशाचं जाऊ द्या. पण ह्ये खरं हाय का खोटं, तेवढं सांगा."

मला सांगता आले नाही. कामगाराने विचारलेल्या प्रश्नाला 'मला ठाऊक नाही' असे उत्तर द्यावे लागणे, हे आमच्या धंद्यात फार लागते. म्हणून वाचायला बसलो. शब्दकोश जवळ घेतला. वैद्यकाच्या एका प्राध्यापकांकडे चारदा जाऊन त्यांचा वेळ खाल्ला. जे हाती लागले ते असे की, त्या पत्रकात जे होते ते खोटे होते. पण ज्या गोष्टीच्या जिवावर ते छापले होते ती गोष्ट मात्र खरी आहे, आणि मोठी मौजेची आहे.

आधी चरबी जाते म्हणजे कुठे जाते, हे पाहू. हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. कोणी म्हणते घामावाटे, कोणी म्हणते उष्णता होऊन, कोणी शौचावाटे. खरे उत्तर असे की ती श्वासावाटे जाते. २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी याचा हिशोब मांडून प्रसिद्ध केला. १० किलो चरबी शरीरात पुरी जळायची तर माणसाला २९ किलो प्राणवायू आत ओढून घ्यावा लागतो. आणि त्या दोहोंपासून २८ किलो कर्बद्विप्राणिल वायू, ज्याला शाळेच्या पुस्तकात आता कार्बन डायऑक्साइड म्हणतात, आणि ११ किलो पाणी तयार होते. जमाखर्च अगदी चोख जुळतो: १० आणि २९ मिळून ३९, २८ आणि ११ मिळून ३९. चरबीतल्या १० किलोंपैकी ८.४ किलो नाकातोंडावाटे हवेत जातात, उरलेले १.६ किलो पाणी होऊन. घाम हा त्या पाण्याचा एक भाग झाला, एवढेच. म्हणून घाम गाळण्यासाठी प्लास्टिकचे जाकीट घालून मे महिन्यात धावणाऱ्यांनी आपले पाणी घालवले, चरबी नव्हे. एक तांब्या प्याले की वजन परत जागेवर.

यातली ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, चरबी जाळायला प्राणवायू लागतो, आणि पुष्कळ लागतो. मग साहजिकच कोणीही विचारील: प्राणवायू कमी असेल तिथे चरबी जास्त कशी जळेल? चुलीला वारा कमी दिला तर जाळ वाढतो का? हा प्रश्न रास्त आहे, आणि सारा विषय त्यातच आहे.

ज्यांनी घरी चूल पेटवलेली आहे त्यांना काटकी आणि ओंडका यातला फरक सांगायला नको. काटकी फुंकणीच्या दोन फुंकरींत भरकन पेटते आणि तशीच विझते. ओंडका पेटायला वेळ घेतो, पण एकदा धरला की रात्रभर चालतो. शरीरात साखर ही काटकी आणि चरबी हा ओंडका. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९. साठवणीच्या दृष्टीने चरबी ही फार काटकसरीची योजना आहे. म्हणूनच निसर्गाने दुष्काळासाठी ती निवडली. पण हाच हिशोब प्राणवायूच्या बाजूने मांडला की उलटतो. एक लिटर प्राणवायू साखरेवर खर्चला तर सुमारे ५ कॅलरी मिळतात. तोच चरबीवर खर्चला तर ४.७. फरक थोडा दिसतो, पण जिथे प्राणवायूच तुटीचा आहे तिथे तो मोलाचा ठरतो. म्हणून हवा विरळ झाली आणि काम मात्र पूर्वीइतकेच करायचे असले, तर शरीर चरबी सोडून साखरेकडे वळते. टंचाईच्या दिवसांत शहाणा गृहस्थ करतो तेच.

तेव्हा पत्रकातले 'दुप्पट वेगाने वितळते' हे वाक्य पहिल्याच पायरीवर घसरले. मग खरे काय?

थोडे गोदामात डोकावू. माझा जन्म हमालांच्या संगतीत गेला, त्यामुळे मला हे असेच समजते. चरबीची पेशी हे गोदाम. व्यायाम सुरू झाला, किंवा माणूस घाबरला, किंवा हवेत प्राणवायू कमी पडला, की रक्तात ॲड्रेनलिन नावाचा स्राव वाढतो. ही मालाच्या उचलीची चिठ्ठी. ती मिळाली की गोदामातली चरबी फोडून तिची मेदाम्ले सुटी केली जातात आणि रक्तातल्या एका प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायूकडे निघतात. स्नायूच्या पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्या भट्टीच्या दारावर पहारा आहे; कार्निटिन नावाचे द्रव्य हात धरून नेईल तेव्हाच मेदाम्ल आत जाते. आत त्याचे दोन-दोन कर्बांचे तुकडे पडतात आणि मग प्राणवायूशी गाठ पडून ते जळते.

आता गंमत अशी की, गोदामातून माल निघणे ही एक गोष्ट आणि भट्टीत तो जळणे ही दुसरी. विरळ हवेत ॲड्रेनलिन वाढल्यामुळे माल जोरात निघतो. रक्तात मेदाम्ले वाढलेली दिसतात. पण भट्टीत प्राणवायू अपुरा असेल तर ती मेदाम्ले रक्तात फिरून पुन्हा गोदामात जमा होतात, किंवा यकृताच्या गळ्यात पडतात. बाजार समितीत गाडी दिवसभर फिरून संध्याकाळी त्याच अडतीला परत यावी तसे. 'उंचीवर चरबी सुटते' म्हणणारे बहुतेक जण या पहिल्या अर्ध्या गोष्टीवर थांबतात.

उंचीचा हिशोबही नीट समजून घ्यावा. हवेत प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठी जितके, जवळजवळ २१ टक्के, तितकेच एव्हरेस्टवर आहे. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे एका श्वासात हवाच कमी येते, आणि तिच्याबरोबर प्राणवायूही. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. तिथे दाब साधारण सहाव्या हिश्श्याने कमी असतो. केदारनाथ ३५०० मीटरच्या वर आहे. तिथे समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच दाब उरतो. मी आमच्या मंडळींबरोबर केदारनाथला गेलो होतो. देवदर्शनापेक्षा मला स्मरते ते असे की, एरवी चार भाकऱ्यांखाली न उठणारे हमाल तिथे वाटीभर भातावर हात धुऊन उठत होते. डोके दुखे, झोप येईना, आणि भूक म्हणून नाही. आम्ही तो देवाचा प्रभाव मानला. तो हवेचा होता.

याच गोष्टीचा कोणी पद्धतशीर पडताळा घेतला आहे का, हे मी शोधू लागलो, तेव्हा जर्मनीतील एक प्रयोग सापडला. तिथे त्सुगश्पित्स नावाचे त्या देशातले सर्वांत उंच शिखर आहे. त्याच्या अंगावर २६५० मीटरवर एक संशोधनगृह आहे. म्युनिकच्या डॉक्टरांनी २० स्थूल पुरुषांना वर नेऊन एक आठवडा ठेवले. मुद्दाम व्यायाम नाही, पथ्य नाही, हवे तेवढे खा. आठवड्याअखेर त्यांचे वजन सरासरीने दीड किलोच्या आसपास उतरले होते. २०१० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे जेवण आपोआप कमी झाले होते आणि नुसते बसून असताना शरीर जी शक्ती खर्च करते तीही वाढली होती. भूक दाबणारा लेप्टिन नावाचा एक स्राव चरबीच्या पेशी सोडतात. वजन उतरले की तो सहसा कमी होतो आणि म्हणूनच उपाशी माणसाला भूक अधिक लागते. इथे वजन उतरूनही तो वाढलेला आढळला. आता या दीड किलोत पाणी किती आणि चरबी किती, हा प्रश्न उरतोच. आणि वीस माणसांवर जगाचा न्याय करता येत नाही. तरी ही भूक मरण्याची गोष्ट पक्की दिसते.

अमेरिकेतील सैनिकांची एक पाहणी २०१४ साली निघाली, तीही मला विचार करण्याजोगी वाटली. सैनिक आपल्या मर्जीने गाव निवडत नाही. हुकूम येईल तिथे राहतो. त्यामुळे 'उंचावर सडपातळ माणसेच राहायला जातात' ही शंका तिथे बरीचशी गळते. सुमारे २००० मीटरवरील तळावर असलेल्या, आधीच वजनदार असलेल्या सैनिकांत पुढे स्थूलता येण्याचे प्रमाण सखल तळांवरील सैनिकांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. मी याला पुरावा म्हणत नाही, इशारा म्हणतो.

परंतु उंचावर जाऊन उतरलेले सारेच वजन चांगले असते असे कोणी समजू नये. १९८५ साली अमेरिकेत काही निरोगी तरुणांना एका बंद कोठीत ठेवून चाळीस दिवसांत हळूहळू हवेचा दाब एव्हरेस्टच्या शिखराइतका उतरवला. खायला मुबलक होते, थंडी नव्हती, चढण नव्हती. तरी माणशी सरासरी ७ किलोंच्या वर वजन गेले. आणि त्यातला बराच मोठा भाग चरबीचा नव्हता, स्नायूंचा होता. घर सावरायचे म्हणून अडगळ काढावी आणि तिच्याबरोबर खांबही काढावेत, तसे झाले. सियाचिनच्या चौकीवरून उतरणारा जवान बारीक होऊन येतो तो काही निव्वळ चरबी उतरवून नव्हे.

म्हणून संशोधकांनी मधली वाट काढली. माणसाला राहू द्यावे खालीच. फक्त व्यायामाचा तास विरळ हवेच्या खोलीत घ्यावा. त्या खोलीत यंत्राने नत्रवायू मिसळून प्राणवायूचे प्रमाण १५ टक्क्यांवर आणतात. म्हणजे साधारण २६०० मीटर उंचीवर गेल्यासारखे होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्थूल व्यक्तींना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दीड-दीड तास हलका व्यायाम दिला. निम्म्यांच्या खोलीत हवा विरळ, निम्म्यांच्या साधी. आपण कोणत्या खोलीत आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते. विरळ हवेतल्यांचे वजन सरासरी १.१४ किलोने उतरले, साध्या हवेतल्यांचे नगण्य, ०.०३ किलोने. दोन वर्षांनी आणखी एका प्रयोगात चार आठवडे पट्ट्यावर चालवून पाहिले. तिथे विरळ हवेतल्या मंडळींनी प्रत्यक्ष काम कमी केले, म्हणजे हळू चालले. तरी दमसास दोन्ही गटांचा सारखाच वाढला आणि चरबीचे मान पहिल्या गटात अधिक सुधारले.

एवढ्यावर कोणी टाळ्या वाजवू नयेत. पुढे आठ महिन्यांचा एक प्रयोग झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विरळ हवेने वजनात काहीएक अधिक फरक पडला नाही. दोन महिन्यांत दिसलेला एका किलोचा फरक आठ महिन्यांत का टिकू नये, याची कारणे अनेक असतील. उंची किती, व्यायाम किती, खाण्यावर नियंत्रण किती, हे प्रत्येक प्रयोगात वेगळे होते. पण 'दुप्पट वेगाने' म्हणणाऱ्याने हा तिसरा प्रयोग पत्रकात का छापला नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. मालक वाटाघाटीला येताना तोट्याचे साल तेवढे घेऊन येतो, तशातलाच प्रकार.

तरीही मधल्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि आमच्या मुकादमाच्या दृष्टीने तर तीच खरी: काम कमी, पण लाभ तितकाच. शंभर किलोचा माणूस झपझप चालला की त्याच्या गुडघ्यावर भार येतो तो वजनाच्या कितीतरी पट. हृदय आणि फुप्फुसे यांना व्यायाम हवा, पण गुडघा नको म्हणतो. ही स्थूल माणसाची कोंडी आहे. विरळ हवेत हळू चालूनही छाती तितकीच भरते, नाडी तितकीच पळते. गुडघा मात्र सुटतो. म्हणजे विरळ हवा चरबीला थेट जाळते असे नसून, ती थोड्या हालचालीत शरीराला पुष्कळ मेहनत झाल्याचा भास देते. भास म्हणतो, पण शरीर त्या भासाला खरे मानून कामाला लागते.

ते कसे, याचा उलगडा ज्यांनी केला त्या तिघांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना, २०१९ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रत्येक पेशीत हिफ नावाचे एक प्रथिन सतत तयार होते आणि प्राणवायू भरपूर असेल तर लगेच मोडून टाकले जाते. हजेरी लागली, नाव खोडले. हजेरी लागली, नाव खोडले, असे रोज चालते. प्राणवायू कमी पडला की खोडणारा कारकून बंद पडतो. मग हिफ साचते, पेशीच्या केंद्रात जाते आणि हुकूम सोडू लागते: तांबड्या पेशी वाढवा, नव्या केशवाहिन्या काढा, साखरेवर चालणारी व्यवस्था लावा. पहिला परिणाम साखरेच्या बाजूचा, हे वर आलेच. पण आठवडेच्या आठवडे माफक प्रमाणात हे चालले आणि मधल्या वेळी भरपूर हवा मिळत राहिली, तर स्नायूत रक्ताच्या वाटा वाढतात. आणि व्यायाम संपल्यावर, घरी बसल्यावर, त्या वाटांनी चरबी अधिक जळू शकते. जाळ व्यायामाच्या तासात वाढत नाही. उरलेल्या तेवीस तासांत वाढला तर वाढतो.

खेळाडूंना ही विद्या फार पूर्वी कळली. १९६८ साली ऑलिंपिक सामने २२४० मीटर उंचीच्या मेक्सिको शहरात झाले आणि सखल देशांतले लांब पल्ल्याचे धावपटू तिथे अक्षरशः धापा टाकत राहिले. तेव्हापासून उंचावर सराव करणे हा शिरस्ता पडला. आपल्या मराठवाड्याला त्यासाठी मेक्सिकोपर्यंत जायला नको. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे आपण सर्वांनी पाहिला आहे. शाळा सहा किलोमीटर दूर, वाहन नाही, म्हणून चालत-धावत जाणारा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनवर राहिला, आणि पुढे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्य, २०२३ साली हांगचौच्या आशियाई सामन्यांत सुवर्ण मिळवून, २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत या शर्यतीत पोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, १८०० मीटरच्या वर, त्याने पुष्कळ सराव केला.

पण लोक एक गोष्ट विसरतात. सैन्यात धावण्याच्या चमूत येताना हाच साबळे वजनदार होता, आणि तीन महिन्यांत त्याने सुमारे २० किलो वजन उतरवले, असे वर्तमानपत्रांत अनेकदा आले आहे. ते वीस किलो कोलोरॅडोच्या हवेने उतरवलेले नाहीत. ते त्याच्या आधीच, धावून उतरले होते. उंचीची हवा आली ती नंतर, सेकंदांचे अंश कमी करण्यासाठी. हा क्रम पत्रके छापणारे उलटा करतात.

आता त्या काळ्या मुखपट्टीबद्दल. विरळ हवेची खोली करायला यंत्रे लागतात, मोजमाप लागते, जवळ जाणता माणूस लागतो. मुखपट्टीने यातले काही होत नाही. ती श्वासाची वाट अरुंद करते. आत येणाऱ्या हवेतला प्राणवायू जवळजवळ तितकाच राहतो. नाकावर उपरणे बांधून धावल्यासारखे ते आहे. श्वासाच्या स्नायूंना थोडी मेहनत होते, एवढेच तिचे कार्य. आमचा मुकादम घेरी येऊन पडला तो हिमालयाच्या उंचीमुळे नव्हे. दुपारचे ऊन, पत्र्याचे छप्पर, साखरेची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, यांमुळे.

याच्याहून मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे कित्येकांना विरळ हवा विकत घ्यावी लागत नाही. ती त्यांच्या नशिबी फुकट आलेली आहे. डाळ गिरणीत वर्षानुवर्षे भुसा आणि धूळ ओढलेल्या माणसाची छाती समुद्रकाठीही पुरी भरत नाही. रक्तक्षय असलेल्या बाईला हवा मिळते, पण ती वाहून न्यायला रक्तातले लोहद्रव्य नसते. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी निघाल्या. याच पाहणीत राज्यातले सुमारे चौथ्या हिश्श्याचे प्रौढ वजनाने जास्त निघाले. एकाच घरात, कधी एकाच देहात, दोन्ही. त्यातून जाड मानेचा माणूस रात्री घोरतो. घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, तो दचकून श्वास घेतो, पुन्हा अडतो. रात्रीतून शेकडो वेळा. हाही प्राणवायूच्या तुटीचाच प्रकार. पण यात ना व्यायाम, ना विश्रांती. याने रक्तदाब वाढतो आणि साखर बिघडते. घरचे लोक म्हणतात, 'किती गाढ झोपलाय.' तो झोपलेला नसतो. रात्रभर कळसूबाई चढत-उतरत असतो. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे आपल्याला कळली आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा मागोवा घेतला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ हाडाने, स्नायूने, पोटातल्या अवयवांनी लहान. पण चरबी मात्र तितकीशी कमी नाही. वरून किडकिडीत, आतून मेदयुक्त. याच गोष्टीचे चित्र त्यांनी २००४ साली एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःच्याच देहावरून दाखवले: दोघांची उंची-वजनाची तोलनोंद अगदी सारखी, २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. मला हे वाचून धक्का बसला. आम्ही 'काटक' म्हणून ज्यांची वाखाणणी करत आलो, त्या हाता-पायाने वाळलेल्या आणि पोटाने सुटलेल्या हमालांना साखर का निघते, याचा एक धागा मला इथे सापडला. आमच्या माणसाने वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये. फितीने कंबर मोजावी. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, ही आपल्या लोकांसाठी धोक्याची रेघ धरतात.

मुकादमाला मी शेवटी काय सांगितले, ते सांगतो. पत्रकातल्या विद्येतला जो खरा भाग आहे तो असा: गुडघा वाचवून छातीला काम द्यायचे. हे आपल्या गावात विरळ हवेवाचूनही साधते. सायकल आहे, खुर्चीवरून न धरता उठणे-बसणे आहे, जिना सावकाश चढून उतरताना कठडा धरणे आहे. चालावे इतक्या गतीने की शेजाऱ्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. या मध्यम गतीला चरबीचा वाटा जळणात बऱ्यापैकी असतो. धाप लागेपर्यंत पळाले की तो घटतो आणि साखर पुढे येते. पोती उचलण्याचे काम या दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि म्हणून जन्मभर पोती उचलूनही पोट सुटू शकते. त्यात भाकरीचा हिशोब वेगळाच. खाण्याबद्दल मी त्याला फारसे बोललो नाही. ते त्याच्या बायकोने त्याला माझ्यापेक्षा स्पष्ट सांगितले होते.

(२०१६ साली मिरजेहून आपल्याला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात घागरी वाहून माझेच वजन उतरले होते. पण हा उपाय मी कोणाला सुचवणार नाही.)

पैशाचा भाग राहिला. त्या व्यायामशाळेकडे आम्ही युनियनच्या कागदावर पत्र धाडले: मुखपट्टीने हवेतला प्राणवायू किती टक्क्यांनी कमी होतो, ते मोजून लेखी द्यावे. उत्तर आले नाही. दोन महिन्यांचे पैसे परत आले. पतपेढीचा एक हप्ता त्यातून फिटला. मुकादम आता पहाटे साडेपाचला गंजगोलाईपासून निघतो, त्याच्याबरोबर आणखी तिघे असतात, आणि एक मुखपट्टी त्याच्या घरी खुंटीला टांगलेली आहे. तिचा उपयोग तो गिरणीत चाळणी झाडताना धुळीसाठी करतो. धुळीसाठी खरी चांगली मुखपट्टी मालकाने द्यायची असते. ती मागणी आमच्या या वर्षीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे.